वह्यांपुरते पैसे

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उंडीचं झाड कुणी हौसेनं लावलेलं फारसं दिसत नाही. खाडीच्या काठाला, देवळाच्या मागे, पुळणीच्या वरच्या अंगाला ते आपलं आपण वाढतं. जाड चकचकीत पानं, पांढरी वासाची फुलं आणि मग गोल हिरवी फळं. फळ खाण्याचं नाही. ते गळून पडतं, वरची साल वाळते आणि आत टणक कवची राहते. ती फोडून आतली बी उन्हात सुकवली आणि घाण्यावर घातली, की गडद रंगाचं कडू तेल निघतं. घरोघर रॉकेल येण्याआधी या उंडेलावर किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत दिवा लागत असे. होडीच्या लाकडालाही ते चोपडत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरीतल्या एका गरीब भंडारी घरातला मुलगा ही उंडी वेचून विकत असे आणि त्यातून शाळेची फी भरत असे. त्याचं नाव भागोजी बाळूजी कीर. पुढे तो लहान वयातच गलबतातून मुंबईला गेला, सुतारकामात उमेदवारी केली, शापूरजी पालनजींच्या बांधकामांत हात धरून वर आला आणि मोठा कंत्राटदार झाला. रत्नागिरीतलं पतितपावन मंदिर 1931 साली उभं राहिलं ते त्यांच्या पैशांतून. दादरच्या चौपाटीलगतची स्मशानभूमीही त्यांनी दिलेल्या जागेवर आहे. भागोजीशेठांबद्दल बोलताना लोक मंदिराबद्दल, दानधर्माबद्दल बोलतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली उंडी जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यात या जिल्ह्यातल्या चार-पाच पिढ्यांचं बालपण आहे. गरीब घरातल्या मुलाला इथे पहिला पैसा मिळाला तो कुणाच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूतून. झाडानं टाकलेलं, समुद्रानं उघडं केलेलं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आपोआप आलेलं असं काहीतरी वेचायचं आणि विकायचं. पगार देणारं कुणी नव्हतं, पण वेचायला मोकळी जागा होती.

आमचं गाव आरे-वारेच्या अलीकडचं. वडील लालबागला गिरणीत, आम्ही भावंडं आणि आई गावाला. सत्तरच्या दशकात आमच्या वाडीतल्या बहुतेक घरांची हीच मांडणी होती. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई, आई अंगठ्याऐवजी मोठ्या कष्टानं सही करी आणि त्या पैशांत दुकानाची उधारी, रेशन आणि मीठ-मिरची बसे. मुलांच्या हातावर ठेवायला त्यातलं काही उरत नसे. आईनं तसं कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्ही कधी मागितलंही नाही. ज्याला पैसे हवेत त्यानं मिळवायचे, इतकं साधं होतं ते.

आमचं कमाईचं वर्ष माघात सुरू होई. काजीला मोहोर आधीच येऊन गेलेला असे आणि बोंडूच्या टोकाला हिरवी बी लोंबायला लागे. होळीच्या आगेमागे बोंडू पिवळे-तांबडे होत आणि मग सकाळी शाळेच्या आधी सड्यावर पळायचं. न सांगता पाळला जाणारा नियम असा होता: मालकाच्या गडग्याच्या आतली बी मालकाची, पाखाडीवर किंवा उघड्या सड्यावर पडलेली वेचणाऱ्याची. बोंडू पिळून बी काढायची, बोंडू तिथेच खायचा, बी खिशात घालायची. खिशाला पडलेले डाग कधीच निघत नसत. चीक बोटांना लागला की कातडं सोलवटून निघे. शाळेत मास्तरांना आमचे हात बघूनच हंगाम कळे. दुकानदार बी पाण्यात टाकून बघायचा. तरंगली ती पोकळ, ती तो परत आमच्या हातात द्यायचा. ओली बी असेल तर मापाला कापायचा. आम्ही त्याच्या मापावर मनातून चिडायचो, पण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यातूनच आम्ही बी चार उन्हं सुकवून मग विकायला शिकलो. घाई केली तर भाव पडतो, हे मला कुणी शिकवलेलं अर्थशास्त्र नव्हे. ते मी अंगणात पसरलेल्या काजूबीची राखण करताना शिकलो.

चैत्र-वैशाखात करवंदं. आधी हिरवी, लोणच्याची, ती घरोघर फिरून विकायची. मग काळी पिकलेली, ती पानाच्या खोल्यात भरून एसटीच्या थांब्यावर. हातखंब्याच्या तिठ्यावर, पालीला, लांज्याला मुंबई-गोवा रस्त्यावरच्या गाड्या थांबत आणि खिडकीशी मुलांचे हात उंचावत. दहा पैशांना खोला. गाडी सुटायच्या आत पैसे हातात आले पाहिजेत, नाहीतर खोला गेला आणि पैसेही गेले. करवंदीच्या जाळीत हात घातल्यावर ओरखडे येणारच, त्याबद्दल कुणी बोलत नसे.

रातांब्याचा हंगाम सगळ्यात शेवटी, मृगाच्या तोंडाशी. इथे घरात वाटणी ठरलेली असे. फळाची साल आईची, बी आमची. आई सालं मीठ आणि रसाचे हात देऊन उन्हात वाळवी, त्यांची आमसुलं होत. आम्ही गरातून बी काढून राखेत चोळून धुवायचो आणि वाळवायचो. त्या बियांपासून भिरंडेल काढतात. बी कुटून पाण्यात उकळायची, वर येणारा तवंग काढायचा आणि थिजला की हातानं मुठीएवढे गोळे करायचे. थंडीत भेगाळलेल्या टाचांवर कोकणात अजून तेच चोळतात. पाऊस वेळेआधी आला तर बी कुजे आणि वर्षाची शेवटची कमाई हातची जाई. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या तोंडावर ती जाणं फार लागायचं.

ज्यांची घरं समुद्राला लागून होती त्यांचं पंचांग वेगळं. अमावास्या-पौर्णिमेला भरतीचं उधाण जितकं मोठं, तितकीच ओहोटीही लांब जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. त्या खडकांना चिकटलेली कालवं टोकदार लोखंडानं फोडून काढायची, वाळूत हात घालून मुळे शोधायचे. शाळेत तिथी शिकवावी लागली नाही अशी मुलं मी मिऱ्याच्या बाजूला आणि काळबादेवीला पाहिली आहेत. तळपाय कापलेले असायचे, खारं पाणी झोंबायचं. रापण लागली की दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीतला वाटा मिळे, मुलांनाही. तो वाटा घरी कालवणाला जाई किंवा वाटेत एखाद्या दारात विकला जाई. पुढे यांत्रिक होड्या आणि पर्ससीनची जाळी वाढली, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीला मासळी उरेना आणि दोराला लागणारे लहान हातही गेले. सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले ते 2016 साली. तोवर रापणीचे बरेच संघ मोडले होते.

या सगळ्या पैशांचं काय व्हायचं? वह्या व्हायच्या. जूनमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाकडून जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत घ्यायची, वह्या मात्र नव्या लागत. मला आजही वहीची किंमत काजूबीत आठवते. कंपासपेटी म्हणजे रातांब्याच्या बियांचा अख्खा हंगाम. उरलेच तर गणपतीत फटाके, शिमग्यात पालखी आली की लिमलेटच्या गोळ्या आणि एक शिट्टी. खाऊचे पैसे असं आपण म्हणतो, पण खाऊपर्यंत ते पैसे क्वचितच पोचत.

साने गुरुजी याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. ‘श्यामची आई’मधल्या कोटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दापोलीला शिकत असलेला श्याम वडिलांनी खाऊला दिलेले आणे साठवतो, धाकट्या भावाला कोट शिवतो आणि ऐन पावसात, ओढ्याला पूर असताना तो घेऊन घरी पोचतो. लहानपणी ही गोष्ट वाचताना मोठ्यांचे डोळे भरून येत. आम्हा मुलांना तिच्यात हिशेब दिसत असे. आणा-आणा साठवून कापड आणि शिलाई निघायला किती महिने लागले असतील, हे आम्हाला बरोबर कळत होतं. ती गोष्ट आम्हाला खरी वाटली ती या हिशेबामुळे.

पैसा कसा आला, याला या जिल्ह्यातल्या गरीब घरांत फार किंमत होती. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं बालपण मुरुडला गेलं, घरची स्थिती ओढगस्तीची. बडोद्याच्या महाराजांकडून ब्राह्मणांना दक्षिणा मिळते आहे असं कळल्यावर मुलांनी जाण्याची परवानगी मागितली आणि आईनं ती दिली नाही. पैशांची गरज नव्हती असं नाही. हात पसरून आलेला पैसा तिला नको होता. याच कर्व्यांनी पुढे मुंबईत शिकवण्या करून शिक्षण पुरं केलं. त्या माउलीचा हा बाणा मला थोर वाटतो. मात्र त्याच वेळी हेही मनात येतं, की दक्षिणा नाकारण्याचा मान तरी त्या घराला होता. ज्यांना समाजानं कष्टाचा मोबदलाही मानानं दिला नाही, त्यांचं काय?

या प्रश्नाचं उत्तर रत्नागिरीतच लिहून ठेवलेलं आहे. ऊर्मिला पवार या रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या, 1945 सालच्या. 2003 मध्ये आलेल्या ‘आयदान’ या त्यांच्या आत्मकथनात आई दिवसभर बांबूची आयदानं विणते, वडिलांच्या मागे घर त्यावर चालतं आणि विणलेल्या टोपल्या-सुपं घरोघर पोचवण्याचं काम या लहान मुलीकडे असतं. सवर्णांच्या दाराशी ती उभी राहते. टोपली खाली ठेवायची, घरातली बाई तिच्यावर पाणी शिंपडून ती घेणार आणि पैसे मुलीच्या हातावर वरून टाकणार, स्पर्श होऊ नये म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आम्ही करवंदांचे खोले खिडकीतून देत होतो आणि हातात हात लागून नाणं घेत होतो. तो आमचा मोठेपणा नव्हता, जन्मानं मिळालेली मोकळीक होती. शिवाशिवीच्या त्या काळात दलित वस्तीतल्या मुलानं खोल्यात भरलेली करवंदं किती जणांनी घेतली असती? त्याच्या आईच्या डोक्यावरची लाकडाची मोळी, गवताचा भारा मात्र बाजारात चालत होता. ‘आयदान’च्या सुरुवातीलाच गावातल्या बाया असली ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला येतात. सडा सगळ्यांचा होता हे मी वर लिहिलं खरं, पण त्यातलं काय कुणी विकायचं, हे जात ठरवीत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवेही याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. साताऱ्याला असताना, लहान वयात, आपल्या पायावर उभं राहायचं म्हणून त्यांनी मुंबईच्या गिरणीत कामाला जायचं मनाशी ठरवलं होतं. साताऱ्यातली मुलं तिकडे कामाला लागतात, हे त्यांच्या कानावर होतं. भाड्याला पैसे नव्हते. आत्याच्या कमरेचा बटवा काढायचा त्यांनी काही रात्री प्रयत्न केला. अखेर तो हाती आला तर आत अर्धा आणा निघाला. तेवढ्यात मुंबई गाठता येत नव्हती. तेव्हा नेटानं अभ्यास करायचा आणि शिकून कमवायचं असं त्यांनी ठरवलं. ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. त्या बटव्यात भाड्यापुरते पैसे असते तर काय झालं असतं, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही. कारण तेवढे पैसे जमलेली आमच्या वाडीतली किती मुलं सातवी-आठवीतून मुंबईला गेली आणि हॉटेलात कपबशा विसळायला लागली, हे मी पाहिलेलं आहे. त्यांतल्या काहींनी रात्रशाळेत मॅट्रिक गाठली. बहुतेकांना ती गाठता आली नाही.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप केला. मुंबईच्या इतिहासात त्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. इथे एवढंच सांगायचं आहे, की कोकणात तो संप पोस्टमनच्या पिशवीत दिसला. मनीऑर्डर आधी निम्म्यावर आली, मग थांबली. वडील गावी आले, मग पुन्हा गेले, मग पुन्हा आले. लालबागमधल्या आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत जी माणसं पाळीपाळीनं झोपत, ती सगळी एकदम मोकळी झाल्यावर त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती, असं ते सांगत. त्या वर्षी काजूबीच्या पैशांनी वह्या आल्या नाहीत. तांदूळ आले. आईनं पहिल्यांदा माझ्यापुढे हात केला. मी पैसे दिले आणि ती म्हणाली, “जून येऊ दे, वह्यांचं बघू.” तोवर मुलाची कमाई ही घराच्या हिशेबाबाहेरची होती. संपानं ती हिशेबात आणली. वेचणं आणि राबणं यांतलं अंतर मला त्या उन्हाळ्यात कळलं. सड्यावर आता सकाळी मुलांच्या आधी बायका पोचत आणि बी वेचण्यावरून कधी नव्हे ती भांडणं होत.

माझी थोरली बहीण हे अंतर कितीतरी आधीपासून ओळखत होती. तिच्या वाट्याला सडा कमीच आला, कारण मुलगी इतक्या लांब एकटी कशी पाठवायची? तिची कमाई मागच्या पडवीत बसून. झावळ्यांची पातं सोलून हीर काढायचे, एका लांबीचे लावायचे, खराटा बांधायचा. पावसाच्या आधी लोक घरं शाकारायला घेत तेव्हा झापं विणायची. गणपतीत पहाटे दवात दूर्वा खुडून जुड्या करायच्या आणि तेरड्याच्या फुलांबरोबर बाजारात पाठवायच्या. तिचे पैसे आईच्या डब्यात जात. माझेही तिथेच जात, पण माझे जूनमध्ये वह्या होऊन परत येत. तिची शाळा सातवीला सुटली. माझी दहावीच्या परीक्षेची फी संपाच्या त्या दिवसांत भरली गेली ती खराट्यांच्या पैशांतून, हे मला तेव्हा सांगितलं गेलं नाही. आई गेल्यानंतर एकदा बहिणीनंच बोलता बोलता सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. रत्नागिरी जिल्ह्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे, 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 1,122. पुरुष कमवायला बाहेर गेले आणि बायका मागे राहिल्या, हा याचा सरळ अर्थ. मागे राहून त्यांनी काय काय कमावलं, याची नोंद मात्र कुठल्या जनगणनेत सापडत नाही.

आज तो सडा तसा उरलेला नाही. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. खड्डे, कलमं, खत यांचा खर्च सरकारनं उचलला आणि वरकस म्हणून पडून असलेल्या जमिनींवर हापूसच्या आणि काजूच्या बागा उभ्या राहिल्या. योजना चांगली होती. आमच्यासारख्या कित्येक घरांनी तिच्यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या बागेतला आंबा पेटीत भरला. पण बाग आली की गडगा आला, गडग्याला फाटक आलं आणि हंगामात राखणीला माणूस आला. आता तो बहुतेक ठिकाणी नेपाळहून आलेला असतो, बायको-मुलांसकट बागेतल्या खोपीत राहतो. खाली पडलेली प्रत्येक काजूबी आता मोजलेली आहे. मुलांनी काम करू नये यासाठी कायदा आहे. 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामात हातभार लावायची मुभा ठेवली. मात्र घरची जमीनच नसलेल्या मुलाला सड्याचा जो आधार होता, त्याबद्दल कुठलाच कायदा बोलत नाही. पुस्तकं आता शाळेत फुकट मिळतात, ही फार मोठी गोष्ट आहे आणि आमच्या आयांनी ती पाहायला हवी होती. आमचं बालपण परत यावं असं मी म्हणणार नाही. सोलवटलेली बोटं कुणाच्याच मुलांना नकोत. पण गावाच्या हद्दीत मालक नसलेली थोडी झाडं राहावीत, रायवळ आंब्याची, करवंदीची, उंडीची, असं मला मनापासून वाटतं. उंडीचं तेल आज ‘तमानू ऑइल’ म्हणून त्वचेसाठी इवल्याशा बाटल्यांतून महागानं विकलं जातं आणि आमच्या पुळणीवर उंडी सडून जाते.

गेल्या मे महिन्यात हातखंब्याच्या पुढे, चौपदरी होत असलेल्या महामार्गाच्या कडेला गाडी थांबवली. करवंदं, जांभळं आणि ओले काजूगर घेऊन ओळीनं बायका बसल्या होत्या. मूल एकही नव्हतं. बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या वयाच्या. त्या वेळी एसटीच्या खिडकीशी खोले उंचावणाऱ्या मुलींतल्याच या, हे चेहऱ्यावरून नाही तर हातांवरून कळत होतं. खोल्याच्या जागी आता प्लास्टिकचा पेला आला होता. मी जिच्याकडून घेतली ती म्हणाली की आठव्या वर्षापासून विकते, मध्ये लग्नानंतरची दोन वर्षं तेवढी सुटली. नातू पॉलिटेक्निकला आहे, त्याला हे काम माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही.

मी विचारलं, “लहान होतात तेव्हा पैसे कुणाकडे द्यायचात, मावशी?”

“आयेकडं. मग सासूकडं.”

“आणि आता?”

“आता कुनाकडं कशाला? बचत गटात हाय मी. बँकेत माझं खातं हाय.” तिनं पेला वरपर्यंत भरला, वर आणखी मूठभर घातली आणि सुटे पैसे कमरेच्या पिशवीतून मोजून माझ्या हातात दिले.